थ्रिलर शॉर्ट फिल्म करताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

गेल्या पावसाळ्यात मी १२ मिनिटांची एक थ्रिलर शॉर्ट फिल्म केली, बजेट म्हणाल तर वडापाव आणि रिक्षाभाडं, आणि पहिला कट घरच्यांना बसवून दाखवला. चौथ्या मिनिटाला मावसभावाने खिशातून मोबाईल काढला. वहिनी बिचारी शेवटपर्यंत बघत होती आणि मग म्हणाली, "छान झालीये रे, पण तो माणूस कोण होता?" झालं. मग पुढचा महिनाभर एडिटला बसून काय काय चुकलं ते शोधलं, तेच इथे लिहितोय.

सगळं लपवून ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या हिच्यातूनच निघतात. माझ्या गोष्टीत एक मुलगी रात्री एकटी फ्लॅटवर येते आणि आत बाल्कनीत कोणीतरी आधीच उभं असतं. मी तो माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत दाखवलाच नाही, म्हटलं जबरदस्त धक्का बसेल. बसला, दोन सेकंद. पण त्याआधीची ११ मिनिटं लोकांना काय दिसत होतं, तर एक मुलगी चहा टाकतेय, केस पुसतेय, फोन चार्जिंगला लावतेय. मोबाईल काढेल नाहीतर काय करेल माणूस.

टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्हालाही पाठ असेल, सस्पेन्सचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलेलं. बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, पण तो खाली आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर त्याच टेबलावरच्या फालतू गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. मलाही पाठ होतं हो! तरी स्क्रिप्ट लिहिताना वाटतंच की आपण लपवलं म्हणजे आपण हुशार.

'अंधाधुन' (२०१८) मधला पियानोचा सीन परत बघा. हॉलमध्ये प्रेत पडलंय, नवराबायकोच्या घरात तिसराच माणूस आहे, बायको आणि तो मिळून नवऱ्याचं ते प्रेत बॅगेत कोंबतायत आणि हा आंधळा म्हणून आलेला पोरगा पियानो वाजवतोय. त्याला सगळं दिसतंय हे आपल्याला माहितीये, त्या दोघांना नाही. बस, एवढंच आहे, आणि श्वास अडकतो. हा सीन ज्या फ्रेंच शॉर्ट फिल्मवरून सुचला ती १५ मिनिटांच्या आतली आहे, म्हणजे "आमच्याकडे वेळच कमी" हे कारण चालणार नाही. निशिकांत कामतच्या 'दृश्यम'मध्ये (२०१५) पण खून कोणी केला, का केला, पोलिसांना दाखवायला पणजीची ती पावभाजी आणि सत्संगाची गोष्ट कशी रचली, सगळं आपल्यासमोर घडतं. त्यात एकच गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवलीये. एकच.

मी मग काय केलं, फक्त एक शॉट वाढवला. मुलगी दार लावून आत जाते आणि कॅमेरा तिच्यामागे न जाता चपलांच्या स्टँडवर थांबतो, तिथे पुरुषाच्या ओल्या चपला. तिचं लक्ष नाही. पुढचा चहाचा सीन जसाच्या तसा, एक फ्रेम बदलली नाही, आणि या वेळी मावसभाऊ पुढे सरकून "अगं बाल्कनी बघ ना" करत होता. (चोर चपला काढून येतो का असं एका मित्राने विचारलं. तो चोर नव्हताच, पण ते जाऊ दे.)

सीन ढिला वाटला की म्युझिक वाढवणं

फ्री लायब्ररीतला तो घुंई आवाज आपण सगळेच टाकतो. साधी टेस्ट: टाइमलाइनवर म्युझिकचा ट्रॅक म्यूट करून सीन बघा. ताण पार गायब झाला तर सीनमध्ये तो कधी नव्हताच. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये (२००७) म्युझिक जवळपास नाहीच, पेट्रोल पंपावर खुनी माणूस दुकानदाराला नाण्याचा छापा-काटा करायला लावतो त्या सीनमध्ये काउंटरवर चुरगळलेला कागद हळूहळू उलगडतो त्याचा आवाज येतो आणि तेवढ्यानेच पोटात गोळा येतो. आता कोणी म्हणेल हिचकॉकच्या 'सायको'चं काय, तर खरंय, हिचकॉकला बाथरूममधला खुनाचा सीन बिनम्युझिकचा हवा होता, संगीतकार हर्मनने तरीही व्हायोलिनं लिहिली आणि हिचकॉकने ऐकून मान्य केलं. पण तुमच्याकडे हर्मन आहे का? माझ्याकडे नव्हता. मी शेवटी कुकरच्या शिट्ट्या आणि लिफ्टच्या दाराचा आवाज ठेवला.

घर कसंय तेच न कळणं

लोकं क्लोजअपवर क्लोजअप लावतात, कॅमेरा हलवतात, आणि बाल्कनी किचनच्या डावीकडे की उजवीकडे हे बघणाऱ्याला कळत नाही. कळलंच नाही तर तो माणूस जवळ आला की लांब गेला याची भीती कशी वाटणार. सुरुवातीलाच सगळं शांत असताना सगळं घर दिसेल असा एक वाइड शॉट द्या.

सारखं "भ्वॉक" करणं

मांजर, मैत्रीण, वाऱ्याने आपटलेली खिडकी. एकदा चालतं, तिसऱ्यांदा लोकं हसतात. खोटा धक्का द्यायचाच तर 'जॉज'सारखा (१९७५) कामाला लावा: दोन पोरं शार्कचा पुठ्ठ्याचा पर (पाठीवरचा कल्ला) घेऊन समुद्रात गोंधळ घालतात, सगळे हुश्श करतात आणि खरा शार्क तेवढ्यात पलीकडच्या खाडीत शिरलेला असतो. आणि हो, यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून स्पीलबर्गला तो कमी दाखवावा लागला, त्यामुळे खराब मास्क भाड्याने आणला असेल तर अंधारातच ठेवा.

शेवटी ताण कुठे सोडायचा

इथे मी अजून अडकलोय. हिचकॉकच्या १९३६ च्या 'सॅबोटाज'मध्ये एक लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन लंडनभर फिरतो, आपण घड्याळ बघत बसतो, आणि बॉम्ब बसमध्ये खरंच फुटतो. लोकं चिडली, आणि पुढे हिचकॉक स्वतः म्हणायचा की ते चुकलंच, इतका वेळ ताणलं तर सुटका द्यायला हवी होती. मला तो सीन आवडतो खरंतर. पण माझ्या फिल्ममध्ये तसाच शेवट ठेवला तेव्हा वहिनी दोन दिवस नीट बोलली नाही, म्हणून आता मुलगी वाचते, आणि तो माणूस कोण होता ते वहिनी अजूनही विचारते.