ई-सायकलवर टांग टाकण्याआधी

डावा पाय पॅडलवर, उजव्याने दोन ढकला, मग टांग. 40 वर्षांची सवय! ई-सायकलवर मात्र पॅडलवर वजन पडलं किंवा ते जरा फिरलं की मोटर ओढू लागते. सोलापुरात सात रस्त्याला मी अशीच लंगडी घातली. पानवाला अजून हसतो.

आता असं करतो:

1. असिस्ट (मोटरची मदत) 0 वर, गिअर हलका.
2. ब्रेक दाबूनच टांग टाकायची. बऱ्याच ई-सायकलींत ब्रेक दाबला की मोटर बंद होते. आपल्या सायकलचं आधी मोकळ्या मैदानात तपासा.
3. सीट थोडी खाली घ्या, म्हणजे बसल्या बसल्या पाय टेकतो.
4. चार पॅडल मारल्यावर असिस्ट 1.

सिग्नलला असिस्ट चालू असताना पॅडलवर पाय रेलू नका. पुढे रिक्षा असतेच.