शालेय मैदानावरचा गोलवीर व्यावसायिक हॉकीत टिकेल का? पारख करताना या चुका टाळा

आंतरशालेय स्पर्धा संपली की मैदानाच्या फाटकाशी दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘चार सामन्यांत अकरा गोल केलेत त्याने, आता पुढे जाईल ना?’ विचारणारे कधी वडील असतात, कधी काका, तर कधी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून हौसेने चालत आलेले एखादे आजोबा. शालेय सामन्यांचे गुणलेखन करताना माझ्या वह्या गोलांनी भरल्या, पण एवढ्या वर्षांत त्या आकड्यांच्या आधारे मला या प्रश्नाचे उत्तर कधीच देता आलेले नाही. ज्या वह्यांत गोलापुढे गोल कसा झाला याचीही नोंद होती, त्यांचा मात्र उपयोग झाला.

‘पुढे जाणे’ म्हणजे काय, हेही आधी ठरवलेले बरे. आपल्याकडे व्यावसायिक हॉकी म्हणजे प्रामुख्याने रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, पोलीस किंवा सैन्यदले यांच्या संघातील नोकरी. त्यापुढची पायरी हॉकी इंडिया लीगची. ही लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरअखेरीस पुन्हा सुरू झाली. या दोन्ही ठिकाणी मुलाने आजवर किती गोल केले यापेक्षा तो उद्या कोणत्या परिस्थितीत गोल करू शकेल, हे पाहिले जाते.

समोर कोण होते, हे न पाहणे

ही चूक सर्वांत जुनी आहे, आणि तिचे उदाहरण ग्वाल्हेरकरांना घरातलेच वाटेल. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, तेव्हा रूपसिंह यांनी एकट्याने १० आणि त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांनी ८ गोल केले. रूपसिंह पुढे ग्वाल्हेरचेच झाले आणि त्यांच्या नावाचे स्टेडियम आज बाहेरगावच्या लोकांना सचिन तेंडुलकरच्या २०१० मधील द्विशतकामुळे आठवते, ही आपल्या गावची एक गमतीदार शोकांतिका आहे. पण त्या १० गोलांकडे शांतपणे पाहावे. त्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघ होते अवघे तीन, आणि याच अमेरिकेला जपाननेही ९-२ असे हरवले होते. म्हणजे २४ या आकड्यात भारताची ताकद जितकी आहे, तितकाच अमेरिकेचा दुबळेपणाही आहे. रूपसिंह यांची थोरवी त्या एका सामन्यावर उभी नाही. १९३६ मध्ये बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे नमवणाऱ्या संघातही ते होते, हा पुरावा अधिक वजनदार आहे.

म्हणून वहीत गोलांची बेरीज करण्याआधी सामन्यांचे दोन गट पाडावेत : ज्यांच्याशी आपला संघ सहज जिंकतो ते, आणि ज्यांच्याशी एका गोलाने जिंकतो अथवा हरतो ते. दुसऱ्या गटात मुलाचे नाव दिसते का, एवढे पाहिले तरी अर्धा गैरसमज दूर होतो.

मैदानी गोल आणि पेनल्टी कॉर्नर एकाच रकान्यात लिहिणे

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने एकूण १५ गोल केले आणि त्यांपैकी १० हरमनप्रीत सिंहचे होते. तो बचावपटू आहे आणि त्याचे गोल चालू खेळातले, म्हणजे मैदानी नव्हते; ते पेनल्टी कॉर्नर (डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बचावपटूने नियम मोडल्यास मिळणारी संधी) व पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलरक्षक असताना मारायचा फटका) यांवरचे होते. कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणे, म्हणजे ड्रॅग फ्लिक, हे स्वतंत्र कसब आहे, त्यावर कारकीर्द उभी राहते, आणि लीगच्या लिलावात हरमनप्रीतला मिळालेल्या ७८ लाखांच्या बोलीने या कसबाची किंमतही सांगितली. परंतु शालेय पातळीवर कॉर्नरवर धावून येणारा पहिला बचावपटू बहुधा उशिरा निघतो आणि गोलरक्षक उंच चेंडूपुढे बिचकतो. तिथे सफल झालेला मुलगा वरच्या पातळीवर ड्रॅग फ्लिकर होईलच असे नाही, आणि तो चांगला फॉरवर्ड आहे असे तर त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. दोन्हींसाठी वेगळी पाने ठेवावीत.

सुंदर गोलाला भुलणे

येथे थोडे अधिक थांबायला हवे, कारण जाणकार माणसेही नेमकी इथेच चुकतात.

मध्यरेषेजवळ चेंडू घेऊन चौघांना चकवत एकट्याने केलेला गोल प्रेक्षकांच्या वर्षभर लक्षात राहतो. असे गोल करणारा मुलगा गुणी असतोच. पण ते गोल होतात कारण त्या वयात बचावपटू एकेकटे पुढे येतात आणि फसले की मागे कोणी उभे नसते. वरच्या पातळीवर पहिला बचावपटू चेंडू हिसकावण्याची घाई करत नाही, तो फॉरवर्डला कडेच्या रेषेकडे ढकलत नेतो, आणि दुसरा तिथे आधीच येऊन थांबलेला असतो. याशिवाय बदली खेळाडूंवर मर्यादा नसल्यामुळे मोठ्या संघांतील फॉरवर्ड काही मिनिटे पूर्ण वेगाने धावून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. शाळेच्या संघात ज्याच्याकडे प्रत्येक चेंडू येत होता आणि जो संपूर्ण सामना मैदानावर असे, त्याला इथे एका पाळीत डीच्या आत एखादाच स्पर्श मिळतो. त्या एका स्पर्शात काय घडते, यावर सगळे ठरते.

डीची रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर असते. तिथून ताशी १०० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू गोलरेषेपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो, आणि एवढ्या वेळात चांगला गोलरक्षक जमिनीलगतचा सरळ फटका पॅडने अडवतोच. मोठ्या सामन्यांतले पुष्कळ मैदानी गोल म्हणूनच दिसायला सामान्य असतात : दूरच्या खांबाजवळ स्टिक टेकवून दिशा बदललेला चेंडू, गोलरक्षकाच्या पॅडवरून परतलेल्या चेंडूवर सर्वांत आधी पोहोचलेली स्टिक, न थांबवता पहिल्याच स्पर्शात मारलेला फटका. ‘हा काय, नशिबाने मिळाला’ असे म्हणून आपण ज्या गोलांना टाळी देत नाही, ते गोल मुलासोबत वरच्या पातळीवर जातात. पॅडवरून चेंडू उडण्याआधीच तिथे निघालेला मुलगा नशीबवान नसतो. त्याने फटका निघतानाच चेंडू कुठे परतेल हे ताडलेले असते.

वय, उंची आणि एका हंगामाचा निकाल

वयोगटाची सीमा १ जानेवारीला असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि चौदाव्या वर्षी तो फरक अंगाखांद्यावर दिसतो. केवळ धावण्याच्या जोरावर गोल करणाऱ्याला इतरांनी गाठले की काय उरते, ते पाहावे.

याच्या उलट चूक म्हणजे लवकर आशा सोडणे. २०१६ मध्ये लखनौला बेल्जियमला २-१ असे हरवून भारताने ज्युनिअर विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्यात गुरजंत सिंह आणि सिमरनजीत सिंह यांनी गोल केले होते. सिमरनजीतचे जर्मनीविरुद्धचे ते दोन गोल, ज्यांमुळे टोकियो ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचा सामना भारताच्या हाती आला, त्यानंतर साडेचार वर्षांनी झाले. वंदना कटारिया २०१३ च्या ज्युनिअर विश्वचषकात चमकली आणि ऑलिंपिकमधील तिची हॅट्ट्रिक २०२१ मध्ये आली. दहावीच्या सुट्टीपर्यंत संघात निवड झाली नाही तर स्टिक माळ्यावर टाकायची, हा आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांतला हिशेब या कालावधीत बसत नाही.

वरच्या गटात गेल्यावर गोल आटले तर

अशा वेळी घरोघरी पहिली खरेदी नव्या स्टिकची होते. महागडी, भरपूर कार्बनची कडक स्टिक फटक्याला जोर देते, पण कच्च्या हातात तिच्यावरून चेंडू उसळून दूर जातो. आणि ड्रॅग फ्लिकसाठी खाली वाकवलेली स्टिक साध्या फटक्यात चेंडू नकळत उचलते. एका ओळखीच्या मुलाचे गोल थांबले ते नेमके वाढदिवसाला मिळालेल्या अशाच स्टिकमुळे, आणि जुनी स्टिक हाती घेताच चेंडू पुन्हा त्याच्यापाशी थांबू लागला. तेव्हा दोष आधी खेळात शोधावा, आणि तो क्रमाने शोधावा.

पहिल्यांदा, मुलापर्यंत चेंडू येतो का, ते मोजावे. येत नसेल, तर तो बचावपटूच्या पाठीमागे लपून उभा राहतो आहे. पास निघण्याच्या क्षणी त्याने मोकळ्या जागेत झेप घ्यायला शिकले पाहिजे. चेंडू येतो पण लगेच हातचा जातो, तर पहिला स्पर्श कच्चा आहे. गवतावर वाढलेल्या मुलांचे टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, हे हमखास होते, कारण ओल्या टर्फवर चेंडू अपेक्षेपेक्षा लवकर येऊन ठेपतो; त्यावर उपाय म्हणजे धावता धावता चेंडू घेण्याचा सराव, उभे राहून नव्हे. फटके होतात आणि अडवले जातात, तर स्टिक मागे नेण्यात वेळ जातो आहे का ते पाहावे. स्टिक थोडीशीच मागे नेऊन मारलेला फटका कमी जोराचा असला तरी गोलरक्षक सावरण्याआधी निघतो. आणि गोल नसले तरी मुलगा बचावपटूच्या पायावर चेंडू घालून कॉर्नर मिळवत असेल, किंवा चेंडू गमावल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीवर धावून जात असेल, तर मोठ्या संघाचा प्रशिक्षक त्याला बाहेर बसवणार नाही.

गोल परत यावेत म्हणून रोज शेकडो ड्रॅग फ्लिक मारायला लावण्याचा मोह मात्र आवरावा. वाढत्या वयात कंबरेच्या खालच्या भागावर येणारा तो ताण मुले लपवतात, कारण संघातून नाव वगळले जाईल अशी भीती असते. वहीत कॉर्नरच्या पानावर किती फ्लिक मारले याचा एक रकाना ठेवावा, आणि सकाळी उठताना पाठ दुखते का, हे मुलाला मैदानावर नव्हे तर घरी विचारावे.