शर्यतीसाठी गाडी बांधायची? आधी क्लास ठरवा, मग गाडी

हौशी शर्यतीत उतरणाऱ्यांची पहिली चूक ट्रॅकवर पोहोचायच्या आधीच झालेली असते. दारात एखादी गाडी उभी असते, किंवा लहानपणापासून एखादी मनात भरलेली असते, आणि मग तिला बसेल असा क्लास, म्हणजे शर्यतीतला गाड्यांचा गट, शोधायला माणूस निघतो. नियमपुस्तिकेत तिला जागा सापडतेही. पण तिथे तिच्याहून हलक्या आणि ताकदवान गाड्या आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात. म्हणून क्रम उलटा धरा. आधी ट्रॅक, मग क्लास, मग नियम आणि सगळ्यात शेवटी गाडी.

पायरी १ : ग्रिड मोजून या

जिथे वारंवार जाणं जमेल अशा ट्रॅकवर दोन-तीन शर्यती नुसत्या बघायला जा. कोणत्या क्लासमध्ये किती गाड्या सुटतात ते मोजा. तीन गाड्यांच्या क्लासमध्ये करंडक हमखास मिळतो, शिकायला मात्र फारसं मिळत नाही. पंधरा गाड्या असतील तर तुमच्याच वेगाचा कुणीतरी शेजारी असतोच, मग तुम्ही चौथे असा किंवा तेरावे.

मोठ्या क्लासचा दुसरा फायदा पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या लावण्याच्या जागेत, कळतो. शनिवारी संध्याकाळी ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद पोहोचवणारा दांडा) तुटला आणि आजूबाजूला त्याच मॉडेलच्या दहा गाड्या असतील, तर कुणाच्या ना कुणाच्या ट्रेलरमध्ये जास्तीचा शाफ्ट निघतो. तुमची गाडी एकमेव असेल तर सामान आवरून घरी जायचं.

पायरी २ : क्लास कशावर ठरतो ते समजून घ्या

ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला स्पेक क्लास. सगळ्यांची गाडी एकच, टायर एकच, बदलांना जवळपास मज्जाव. अमेरिकेतला स्पेक मियाटा हा याचा ठळक नमुना (मियाटा हे माझदा एमएक्स-५चं तिथलं नाव). दुसऱ्यात बदलांची यादी असते आणि यादीत नाही ते करायचं नाही. तिसऱ्यात वजन आणि ताकद यांचं गुणोत्तर बघतात.

हा तिसरा प्रकार फसवा आहे. चालकासकट १,००० किलो वजन आणि १०० अश्वशक्ती असलेली गाडी, आणि १,४०० किलो वजन, १४० अश्वशक्तीची गाडी, कागदावर दोघी सारख्याच : दर अश्वशक्तीमागे १० किलो. सरळ रस्त्यावर फारसा फरक जाणवणारही नाही. पण ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर आणताना हलक्या गाडीचे ब्रेक सुमारे ०.९४ मेगाज्यूल ऊर्जा पचवतात, जड गाडीचे सुमारे १.३. प्रत्येक वळणाआधी, प्रत्येक लॅपला. ती जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइलमध्ये शिरते, आणि वळणात तेच वजन टायर खातं. त्यामुळे मोकळीक असेल तर मी नेहमी हलकी गाडीच घेईन.

बऱ्याच क्लासमध्ये किमान वजन चालकासकट मोजतात. स्वतःचं वजन हेल्मेट-सूट घालून करा आणि हिशोबात धरा. गाडी किमान वजनाच्या खाली आली तर शिसं लावून भरपाई करता येते, आणि तेही हवं तिथे, खाली आणि मधोमध. मुळातच जड असलेल्या गाडीपुढे इलाज नसतो.

पायरी ३ : गाडीची जुनी दुखणी माहीत करून घ्या

शर्यतीत गाडी नवीन ठिकाणी मोडत नाही. त्या मॉडेलची ठरलेली कमजोर जागाच आधी जाते. मग सगळ्यांना माहीत असलेली दुखणी असणं ही एक प्रकारे सोयच.

माझदा एमएक्स-५ हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, पुढे-मागे डबल विशबोन सस्पेन्शन (चाकाला वर-खाली दोन बाहू). म्हणून ती शिकाऊ लोकांची लाडकी. पण १९८९ साली आलेल्या पहिल्या १.६ लिटर मॉडेलचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) छोटं आणि नाजूक. पुढच्या १.८ लिटरच्या गाडीत ते मोठं झालं, आणि नियम परवानगी देत असतील तर लोक तेच उचलून बसवतात. बीएमडब्ल्यू ई३६ चालवायला सुरेख, मात्र तिच्या कूलिंगमधले प्लॅस्टिकचे भाग वयानुसार ठिसूळ होतात आणि मागच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) बैठकीजवळ पत्रा फाटतो. नव्वदीच्या सुरुवातीची होंडा सिव्हिक पुढच्या चाकांवर चालते. तिथे वळवणं आणि ओढणं दोन्ही पुढच्याच टायरांच्या डोक्यावर, त्यामुळे ते झपाट्याने झिजतात. मॅकफरसन स्ट्रट प्रकारच्या सस्पेन्शनची गाडी बसकी केली की कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याचं, गणित बिघडू शकतं, म्हणून तो कोन बदलू देणारी कॅम्बर प्लेट लावायची मुभा आहे का हे आधीच वाचून ठेवा.

लांब वळणात ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या भांड्यात) एका कडेला सरकून पंप कोरडा पडणं, हे तर अनेक इंजिनांचं दुखणं. बॅफल (ऑइल सरकू न देणारा आडवा पत्रा) चालतो का, हा नियमपुस्तिकेला विचारायचा पहिल्या पाचांतला प्रश्न.

पायरी ४ : खर्चाची बेरीज उलट्या टोकाने करा

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी हा सगळ्यात स्वस्त भाग. खर्च रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), सीट, बेल्ट, अग्निशमन, सस्पेन्शन, ब्रेक यांवर होतो आणि त्यानंतर दर हंगामाला टायर, पॅड, ट्रेलर, इंधन. आधी एका हंगामाच्या टायर-पॅडचा आकडा काढा. तो झेपत नसेल तर पुढची आकडेमोड करूच नका.

रोल केज हा कंजूषपणा करायचा विषय नाही. उदाहरणार्थ, एफआयए या जागतिक मोटर-शर्यत संघटनेच्या नियमांत मुख्य रोलबारसाठी (चालकामागच्या कमानीसाठी) ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची जोडरहित नळी सांगितली आहे. तुमच्या संघटनेचे आकडे वेगळे असू शकतात. चुकीच्या नळीचा सुबक केज तपासणीत बाद झाला तर तो कापून पुन्हा करायचा.

पायरी ५ : बांधायचीच का, हे एकदा विचारा

इथे मी थोडा वाईटपणा घेतो. पहिली गाडी बांधू नका, बांधलेली घ्या. हौशी शर्यतीतल्या गाड्या विकताना त्यांत घातलेल्या पैशाचा निम्मा भागही क्वचितच परत येतो. तो तोटा दुसऱ्याने सोसलेला असला तर बरं. शिवाय बांधणीत दोन वर्षं जातात आणि कित्येक गाड्या अर्धवटच विकल्या जातात. बांधण्यातच रस असेल तर मात्र खुशाल बांधा. तो छंद स्वतंत्र आहे आणि चांगला आहे.

बांधायची असेल तर इंजिनापेक्षा सांगाडा तपासा. इंजिन बदलता येतं, गंजलेला सिल (दाराखालचा पोकळ पत्र्याचा भाग) बदलताना केजचा पायाच उपटावा लागतो. गाडी जॅकवर घ्या, सिल, सस्पेन्शनच्या बैठका आणि मागची चाकाची कमान हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. भद्द आवाज आला की दुसरी गाडी बघा. बांधलेली घेत असाल तर लॉगबुक (गाडीच्या शर्यती-तपासण्यांची नोंदवही) मागा आणि सीट व बेल्ट यांवरची मुदत वाचा. दोन्हींना अनेक ठिकाणी वयोमर्यादा असते आणि विकणारा ती आपणहून सांगत नाही.

पैसे देण्याआधी हेल्मेट घालून सीटवर बसा, बेल्ट आवळा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा, क्लच तळापर्यंत दाबा. एमएक्स-५सारख्या उघड्या गाडीत उंच माणसाचं हेल्मेट रोलबारच्या वर डोकावतं. सीट आणखी खाली जात नसेल तर गाडी कितीही आवडली तरी ती तुमच्या मापाची नाही.