कुलमंडळाचा अर्ज आणि रिकामे चौकोन

आमच्या कुलमंडळाच्या अर्जात पानभर चौकोन असतात: तुम्ही, वडील, आजोबा, पणजोबा... वर चढत चढत कुलवृत्तांतातल्या, म्हणजे कुळाच्या वंशावळींच्या पुस्तकातल्या, एखाद्या शाखेला जोड दाखवायची. मी 30 वर्षं तलाठी. लोकांच्या वारसनोंदी करण्यात हयात गेली, तरी स्वतःचे चौकोन भरायला दोन पावसाळे लागले.

कागदांच्या आधी घरातली सगळ्यात म्हातारी आत्या गाठा. काका नको, काकांना बांधावरची भांडणं आठवतात, आत्यांना माणसं. ‘आपले पूर्वज कोण?’ विचारलंत तर शिवकाळात पोचाल. त्यापेक्षा ‘आपण कुणाकुणाचं सुतक धरायचो?’ विचारा, अख्खी भावकी समोर येते. मूळ गाव, कुलदैवत, उपनाव बदललं का आणि कुणी दत्तक गेलं का, हेही तेव्हाच लिहून घ्या. दत्तक गेलेला माणूस कागदावर भलत्याच बापाखाली सापडतो.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी. सातबारा आजचा खातेदार सांगतो, नातं नाही. त्यावरचे फेरफार क्रमांक धरून मागे मागे जा. वारसाच्या फेरफारात मयत कोण, कधी वारला, मागे बायको-मुलं कोण, सगळं नात्यासकट मिळतं. आमच्या घरच्या वंशावळीत एकही मुलगी नव्हती. पणजोबांच्या तिन्ही बहिणी मला फेरफारातच भेटल्या. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. नावाशेजारी ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थबका. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं लागलंय आणि बाकीचे कागदाबाहेर राहिलेत.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावची जुनी जन्ममृत्यूची नोंदवही, बघा. शाळेचं रजिस्टर बापाच्या नावापुरतं खरं धरा. जन्मतारीख 1 जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली समजा.

आणखी मागे गेलात की मोडी लागते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढं कळलं तरी जाणकाराला नेमकी ओळ दाखवता येते. इसवी सन काढायला शके सालात 78 मिळवा, फसली म्हणजे महसुली सालात 590. एखाद्या वर्षाचा फरक पडतो. हे गणित टाळू नका. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे रामजी बिन विठोबा एक पिढी सोडून पुन्हा येतो. शके 1790 च्या कागदावरचा रामजी मी आनंदाने पणजोबांच्या चौकोनात बसवला होता. पणजोबा 1931 साली साठाव्या वर्षी वारले. म्हणजे 1868 साली त्यांचा जन्मही झाला नव्हता! तो त्यांचा आजोबा निघाला.

जमीन नसेल, किंवा गावच सुटलं असेल, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आडनाव आणि मूळ गाव सांगा. कुणी पूर्वज तिथे जाऊन गेला असेल तर बरोबरच्यांची नावंही सापडतात. पानाचा फोटो त्यांना विचारूनच काढा, आणि निघण्याआधी स्वतःच्या मुला-नातवंडांची नावं घाला.

अर्ज भरताना प्रत्येक जोडीला, म्हणजे बाप आणि मुलगा, एक कागद लावा आणि मोडी असेल तर देवनागरी लिप्यंतर. नुसतं ऐकलेलं नाव असेल तर पुढे ‘ऐकीव’ लिहा. माझे असे दोन चौकोन होते. मंडळाने एक मान्य केला, दुसऱ्यासाठी दत्तकपत्र मागितलंय.