चमकलं म्हणजे चिकटलं असं नसतंय! फ्लुरोसंट लिगँड वापरताना या चुका टाळा

फ्लुरोसंट लिगँड म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरला (रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटणारा, चमकणारा डाय जोडलेला रेणू. परवा रात्री साडेअकराला लॅबमधल्या ज्युनिअरनं फोटो पाठवला, पेशींची कड नुसती हिरवीगार, खाली मेसेज 'दादा, बाइंडिंग झालं' (म्हणजे लिगँड रिसेप्टरला चिकटला). म्हटलं कॉम्पिटिटरवाल्या (त्याच जागेसाठी भांडणारा बिनाडायचा रेणू टाकलेल्या) वेलचा, म्हणजे प्लेटमधल्या खळग्याचा फोटो कुठाय, तर तो वेल लावलाच नव्हता. संपला विषय.

सगळ्यात मोठी चूक हीच. बीटा रिसेप्टरसाठी प्रोप्रानोलॉलला (हा रिसेप्टर अडवणारं औषध, म्हणजे ब्लॉकर) बोडिपी नावाचा चमकणारा डाय जोडला असेल तर शेजारच्या वेलमध्ये बिनाडायचा ब्लॉकर भरपूर जास्त टाकून बघायचं, आणि तो शक्यतो वेगळ्या रचनेचा घ्यायचा, कारण तोच रेणू घेतला तर रिसेप्टर सोडून बाकीच्या जागांवरनंही तो लिगँडला हटवू शकतो. त्यानंतरही जी चमक उरते ती नॉन-स्पेसिफिक, म्हणजे रिसेप्टर सोडून भलतीकडे चिकटल्याची. रिसेप्टर नसलेल्या पेशी मिळाल्या तर त्याही लावा. बोडिपी तेलकट स्वभावाचा, मेंब्रेनमध्ये (पेशीच्या पडद्यात) घुसतोय, प्लास्टिकला धरतोय. मिसळीचा कट प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्यावर डबा कितीही घासला तरी पिवळा राहतो की नाही, तसंच हे (हळदीतलं कर्क्युमिन स्वतः फ्लुरोसंट आहे, सहज सांगतोय). लो-बाइंडिंग ट्यूब घ्या. बफरमध्ये थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) टाकलं की प्लास्टिकचा त्रास कमी होतो, पण तेच बीएसए लिगँडही धरून ठेवतं, मग मोकळा लिगँड आपण समजतो त्यापेक्षा कमी असतोय.

दुसरी चूक, पेपरातली मूळ औषधाची केडी (अर्धे रिसेप्टर भरायला लागणारं लिगँडचं प्रमाण) उचलून वापरायची. अहो, प्रोप्रानोलॉल २५९ डाल्टनचं आणि बोडिपी एफएल २९२ चा, म्हणजे पाठीवरचं पोतं माणसापेक्षा जड! तो नवीनच रेणू झाला, लिंकर (औषध आणि डाय जोडणारा दुवा) कुठं आणि किती लांब जोडलाय त्यावर सगळं ठरतं. लेबलवाल्या (डाय जोडलेल्या) लिगँडची केडी स्वतः सॅच्युरेशन करून (लिगँड वाढवत नेत रिसेप्टर भरेपर्यंत मोजून) काढा. नाहीतर आयसी५० (लिगँडचं अर्धं बाइंडिंग हटवणारं कॉम्पिटिटरचं प्रमाण) वरनं केआय (कॉम्पिटिटरची स्वतःची पकड) काढताना चेंग-प्रुसॉफच्या सूत्रात चुकीची केडी जाणार आणि पुढचं सगळंच वाकडं.

वेळेचंही तसंच. लिगँड कमी असला की इक्विलिब्रियमला (चिकटणं-सुटणं बरोबरीला यायला) वेळ जास्त लागतो, तरी सगळे वेल अर्ध्या तासात उरकायची घाई. सगळ्यात कमी कॉन्सन्ट्रेशनवर टाइम कोर्स काढा (ठरावीक वेळांनी चमक मोजत जा) आणि वेळ त्यावरनं ठरवा.

बाकी बारीकसारीक: फिनॉल रेड (चमक मोजताना आड येणारा लाल रंग) नसलेलं मीडियम घ्या. ३७ डिग्रीला रिसेप्टर लिगँडसकट पेशीच्या आत जाऊ शकतो, म्हणून फक्त पृष्ठभागावरचं बाइंडिंग बघायचं असेल तर ४ डिग्री, पण थंडीत सगळं हळू चालतं, वेळ वाढवा. फ्लुरोसीन हा दुसरा डाय आम्लात मंद पडतो, त्यामुळं एंडोसोममध्ये (पेशीच्या आतल्या आम्लट पिशवीत) गेलेला त्याचा लिगँड गायब झाल्यासारखा वाटतो. आणि सुटा डाय उरलाय का ते एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बघूनच लिगँड वापरा.

ज्युनिअरनं १ मायक्रोमोलर टाकलं होतं, तेवढ्यात काय वाट्टेल ते चमकतंय. काल ५ नॅनोमोलरवर, म्हणजे दोनशे पट कमीवर केलं. कड फिकट आलीय, पण कॉम्पिटिटरच्या वेलमध्ये पार गायब. हा फोटो मात्र त्यानं सकाळी पाठवला.