फोन आता बदलायचा की दसऱ्यापर्यंत थांबायचं?

देवगडात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली टेबलावर भिंग लावून बसतोय. मे संपत आला, आंब्याचे पैसे हातात पडले की रोज दोन-चार जण तरी विचारायला येतात, "नवीन घेव काय होच वापरू?" मी त्यांना आधी एवढंच विचारतो, की फोनचं नेमकं काय दुखतंय? "जुनो झालो" हे उत्तर मी धरत नाही. चार्ज टिकत नाही, चार्जिंगच घेत नाही, हँग होतो, बँकेचं ॲप उघडत नाही, यातलं एक काहीतरी सांगा. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि नवीन फोन हा त्यातल्या थोड्याच दुखण्यांचा इलाज आहे.

गेल्या वर्षी बंदरावर मासे विकणाऱ्या एक मावशी आल्या. फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हो आता मेलो. नवीन दाखय." म्हटलं, मावशे, आधी बघू दे. भिंगाखाली धरला तर चार्जिंग पिनच्या तळाशी कापडाचा भुगा आणि बारीक खवलं, वायर खुपसून खुपसून घट्ट लादी झालेली. कडेच्या दोन पट्ट्यांवर हिरवट पापुद्रा. खाऱ्या हवेत आणि ओल्या हातांत तांबं असंच हिरवं होतं. फोन बंद करून लाकडी काडीने लादी उकरली, ब्रशवर आयपीए (लगेच उडून जाणारं साफसफाईचं अल्कोहोल) घेऊन पापुद्रा पुसला. पट्ट्या खाल्ल्या गेल्या नव्हत्या. वायर लावली आणि चार्जिंगची खूण आली. मावशी अजून तोच फोन वापरतात. पट्ट्या गेल्या असत्या तरी चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलून काम काही शे रुपयांत झालं असतं.

घरी करायचं तर फोन बंद, कोरडी लाकडी काडी आणि उजेड, एवढंच घ्या. सुई, टाचणी नको. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. पावसात फोन ओलाव्याची सूचना दाखवत असेल तर वायर लावू नका, पिन खाली करून पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळात घालू नका, त्याचा कोंडा पिनमध्ये जातो.

बॅटरीचंही तसंच. लिथियमची बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येते. रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याचा हा हिशेब दीड वर्षाच्या आसपास भरतो. आयफोन १५ पासून पुढे ॲपल १००० चार्ज सांगते. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा दिसतो; बऱ्याच अँड्रॉइडवर दिसत नाही. तिथे माझी खूण अशी: ३० टक्के असताना कॅमेरा उघडला आणि फोन बंद पडला, तर बॅटरी गेली. बाकी फोन ठीक असेल तर बॅटरी बदला आणि दोन वर्षं निवांत वापरा. मात्र मागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा स्क्रीन एका कडेने वर आली असेल तर बॅटरी फुगलीय. त्याच दिवशी चार्जिंग थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा इकडे कितीतरी वाड्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मुंबईला घरच्यांना खुशाली कळवता येईना. तेव्हापासून मी कॅमेऱ्याआधी बॅटरी बघतो, आणि तुम्हीही बघावी असं मला मनापासून वाटतं.

हँग होत असेल तर स्टोरेज बघा. शंभरातले पंच्याण्णव भरले की चांगला फोनही रडतो. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढा आणि मग ठरवा.

आता थांबायचं नाही अशी दोनच कारणं मी मानतो. पहिलं म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद होणं. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे अँड्रॉइड व्हर्जन, त्यात सिक्युरिटी अपडेटची एक तारीख असते. फोनचं खरं वय त्या तारखेवरून मोजायचं, बिलावरून नाही. तारीख वर्षापेक्षा जुनी असेल, नवीन अपडेट येतच नसेल आणि त्याच फोनवर तुम्ही यूपीआय करत असाल, तर सेलची वाट बघू नका. फोन छान चालत असतो म्हणून लोकांना हे पटत नाही. पण त्या तारखेनंतर सापडलेली एकही फट त्या फोनमध्ये बुजवलेली नसते. एका तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) फोनवर ही तारीख २०२१ ची होती आणि होडीचा सगळा व्यवहार त्याच्यावर. त्यांना मी त्याच आठवड्यात फोन घ्यायला लावला. जुना आता गाण्यांना आणि फोन करायला आहे, बँकेचं ॲप काढून.

दुसरं कारण खारं पाणी. आयपी६८ (पाणी-धूळ आत जात नाही याचा दर्जा) लिहिलंय म्हणून फोन समुद्रात नेऊ नका, ती चाचणी गोड्या पाण्यात होते. २०१९ साली माझ्या मावसभावाचा फोन मीठमुंबरीच्या किनाऱ्यावर लाटेत भिजला. मी उघडून साफ केला, चालू झाला, आणि मीच त्याला म्हटलं, चालेल, घाई करू नको. तीन आठवड्यांनी रात्रीत बोर्ड डेड झाला. मुलीच्या बारशाचे फोटो त्याच्यात होते, ते परत मिळाले नाहीत. आता खाऱ्या पाण्यातला फोन चालू झाला की मी पहिले फोटो काढून देतो आणि त्या माणसाला नवीन घ्यायला सांगतो.

या दोन्हींत तुमचं काही बसत नसेल तर थांबा. जूनमध्ये नवीन फोन घेऊन तो आपण थेट पावसात काढतो. जुन्यावर पावसाळा काढलेला बरा. मासेमारीवर घर चालत असेल तर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत पडणारा हप्ता घेऊ नका. मे महिन्यात हप्ता छोटा वाटतो, जुलैत तो भरताना जीव जातो. हे मी माझ्याच दुकानात बघितलंय. दसरा-दिवाळीला सेल असतात, सप्टेंबरात नवा आयफोन आला की मागच्याची किंमत उतरते.

पण थांबलं की स्वस्तच मिळेल असं मात्र धरू नका. फोनवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या टीव्हीवरचा कमी झाला तेव्हाही फोनचा तेवढाच राहिला. वर २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिप महागल्यात, कारण डेटा सेंटरवाले त्या उचलतायत. सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल दिसलं तर अपडेटचा हिशेब करा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षांचा शब्द आहे, पण ती वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची. स्वस्त फोनना बऱ्याचदा याच्या निम्मीही मिळत नाहीत.

फाइव्ह-जीसाठी बदलताय? देशात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, तुमच्या पडवीत आलंय का ते शेजाऱ्याचा फोन हातात घेऊन बघा. जिओवर असाल तर नव्या फोनच्या बँडमध्ये (फोन नेटवर्कच्या ज्या लहरी पकडतो त्या यादीत) एन२८ हवाच. डोंगराआड तोच लांब पोचतो.

गणपतीला चाकरमानी आले की जुने फोन हातोहात फिरतात. घ्या, पण *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा, आणि केवायएम, मोकळी जागा, मग तो नंबर असा मेसेज १४४२२ वर इंग्रजीत पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं.

नवीन घेतलाच तर जुना लगेच विकू नका. आठ दिवस चालू ठेवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप आला का, बँकेचं ॲप नव्यावर उघडतंय का, गॅलरीतला सर्वात जुना फोटो दिसतोय का, हे एकेक बघा. मग जुन्यातलं गुगल खातं आधी काढा आणि त्यानंतरच रिसेट मारा. खातं न काढता रिसेट केलेले फोन घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि पासवर्ड आठवत नसेल तर ते मला उघडता येत नाहीत.