लाकडावर मस्टँग उतरवताना

पायरोग्राफीत, म्हणजे तापलेल्या टोकाच्या पेनाने लाकूड जाळत चित्र काढण्यात, पानाफुलांवर हात बसला की बरेच जण थेट लढाऊ विमानाला भिडतात. भिडावं, पण विमान विचार करून निवडावं. मी नवशिक्यांना पी-५१ डी मस्टँग सुचवतो. १९४० साली या अमेरिकन जातीचं पहिलं उड्डाण झालं आणि महायुद्धाच्या शेवटी शेवटी तर यातली बरीच विमानं रंग न देता उघड्या ॲल्युमिनियमवरच उडत होती. चकाकता धातू दाखवायचा म्हणजे लाकूड कोरं सोडायचं. पेन आवरता येणं हीच यातली खरी शिकवणी.

लाकूड बासवूड किंवा बर्च प्लाय घ्या. पाइनमध्ये कडक आणि मऊ पट्टे वेगवेगळे जळतात, त्यामुळे सरळ रेघ तुटक उमटते. एमडीएफ आणि रसायन मारलेलं लाकूड नकोच, त्याचा धूर वाईट. पॉलिश पेपर मारून झाल्यावर ओलं फडकं फिरवा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू पुन्हा घासा. रेषे आडवे ठेवले तर आकाश आयतंच मिळतं. चित्र ग्राफाइट पेपरने उतरवा. कार्बन पेपरचे डाग खोडता येत नाहीत.

आता रिव्हेट, म्हणजे विमानाचे पत्रे जोडणाऱ्या खिळ्या. इथे सगळ्यांचा उत्साह उतू जातो. मस्टँगच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.३ मीटर. तो २८ सेंटिमीटरमध्ये बसवला की प्रमाण साधारण १:४० येतं, आणि रिव्हेटचं डोकं केसाच्या जाडीच्या आसपास उरतं. तेवढा ठिपका पेनाची कोणतीही टिप, म्हणजे टोक, देत नाही. शिवाय हवा सुरळीत वाहावी म्हणून या विमानाच्या पंखाचा पुढचा भाग कारखान्यातच पुट्टी भरून, घासून रंगवलेला असे. तिथे ठिपक्यांची रांग काढली तर जाणकार लगेच हसतो. ठिपके धडावर द्या, तेही उजेड तिरका पडतो तिथेच, बाकीचे डोळा भरून काढतो.

पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेघांना सुरीसारखी टिप आणि कमी आच. विमान धावपट्टीला टेकतं तसं पेन चालता चालता टेकवायचं आणि चालता चालताच उचलायचं. थांबून टेकवलं की सुरुवातीलाच काळा गोळा बसतो. खोलीतला पंखा स्वतःवर सोडू नका, टिप थंड होते. धूर पलीकडे ओढला जाईल असा ठेवा.

काळोख कुठे हवा ते विमानच सांगतं. वैमानिकाच्या काचेपुढे नाकावर मंद, गडद पट्टा असतो. सूर्याची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो दिलेला. तो शेडरने, म्हणजे छटा भरायच्या टिपने, सपाट, एकसारखा भरा, की बाजूचा कोरा धातू आपोआप चमकतो. मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचं, म्हणून प्रत्येक बाजूला सहा एक्झॉस्ट. त्यांच्यामागे काजळीची फिकट ओढ दिली की विमान वापरातलं वाटतं. फुग्यासारख्या काचेवर मात्र एक कोरी तिरीप राखा. ती पेन्सिलने आधीच आखून ठेवा, कारण एकदा जळलेलं लाकूड ब्लेडने खरवडून थोडंच उजळतं.

विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा दाखवायचा असेल तर चारही पाती ठसठशीत काढू नका, एकदोन फिकट कमानी पुरतात.

शेवटी अतिनील किरणांपासून बचाव करणारं वॉर्निश द्या. तरीही थेट उन्हात टांगू नका. फिकट शेडिंग सगळ्यात आधी उडतं, आणि मस्टँगमध्ये मेहनत तिथेच गेलेली असते.